पगाराच्या विटा

"म्हंजे इटा किती झाल्या?"

कुठलाही आकडा कानावर पडला की काकू हे विचारायच्या. लाइनवरच्या एखादीनं नवा मोबाइल घेतला आणि किंमत सांगितली, की काकूंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागायचा. "म्हंजे एक भिंत. खिडकीसकट." कुणाच्या भावाच्या लग्नात डीजे आणला होता. त्याचा आकडा ऐकून काकू घास हातात धरून थांबल्या. "आख्खी खोली नाचली की माय!"

चाकणच्या आमच्या कंपनीत त्या वायरिंगच्या लाइनवर होत्या, कॉन्ट्रॅक्टवर. मी टाइम ऑफिसात. हजेरी, ओव्हरटाइम, पगाराच्या स्लिपा हे माझं काम. मी बी.कॉम. आहे, हे इथंच सांगून टाकते, कारण त्या काळात मी ते कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील भोसरीत फाउंड्रीत हेल्पर. त्यांनी माझ्या डिग्रीला सोनेरी फ्रेम करून आणली, पण ती भिंतीवर लागली नाही. आमच्या घरमालकाला भिंतीत खिळा चालत नाही. त्यामुळे आमच्या खानदानातली पहिली डिग्री कपाटावर टेकून उभी असते. पंखा जोरात लावला की पुढं झुकते. आल्यागेल्याला नमस्कार केल्यासारखी.

तर अशी मी ग्रॅज्युएट. पहिला पगार झाला तसं मी ठरवलं की बचत शास्त्रशुद्ध करायची. मोबाइलवर एका गृहस्थाचा व्हिडिओ पाहिला. पगारातले पन्नास टक्के गरजांना, तीस हौसेला, वीस बचतीला. मला वीस कमी वाटले. मी चाळीस ठरवले. सात तारखेला पगार झाला की चाळीस टक्के दुसऱ्या खात्यात टाकायचे आणि दिवसभर उगाच ताठ मानेनं चालायचे. वीस तारखेच्या आसपास तेच पैसे गुपचूप पहिल्या खात्यात परत यायचे. याला मी "फेरनियोजन" म्हणायचे. वडील म्हणायचे, "संपले का?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ज्यांना स्वतःला पोहता येत नाही ती काठावर उभी राहून शिकवतात. मी कँटीनमध्ये डबा खाताना बायकांना टक्केवारी शिकवायचे. बायका ऐकून घ्यायच्या, कारण ओव्हरटाइमचे तास माझ्या हातात होते. काकू एकट्याच आडव्या यायच्या.

"मॅडम, टक्का जरा हातात धरून दावा बरं."

"काकू, टक्का हातात धरायचा नसतो."

"मग कामून साठवायचा? जे हातात धरता येत न्हाई ते दुसऱ्याच्याच हातात जातंय."

त्यांचं असं झालेलं होतं. पैसा साठला की दिराला ट्रॅक्टरचा हप्ता भरायचा असे, भावाला बियाणं हवं असे. नवऱ्याविषयी त्या एवढंच सांगायच्या, "हाय. गावाकडं हाय." लातूरकडून त्या एकट्याच आल्या होत्या. पाटल्या मोडून तळवड्याच्या मागच्या अंगाला अर्धा गुंठा जागा घेतली आणि कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहू लागल्या. दर अकरा महिन्यांनी मालकाला भाडं कमी वाटायला लागायचं. मग काकू शेगडी डोक्यावर घेऊन पुढच्या गल्लीत. आठ-दहा खोल्या झाल्या असतील. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती त्या डब्याचं झाकण लावता लावता सहज सांगायच्या.

"एकदा भिंतीत खिळा ठोकायचाय. कुनाला न इचारता."

मला लगेच आमची कपाटावरची डिग्री आठवायची. पण ते मी बोलायचे नाही. मी मॅडम होते.

पैसे ठेवले की मागायला माणसं येतात, म्हणून काकू विटा घ्यायच्या. "इटा उसन्या मागाया कोन येतंय?" पगार झाल्यानंतरच्या रविवारी त्या तळवड्याच्या नाक्यावर उभ्या राहायच्या. विटांचे टेम्पो गिऱ्हाइकाकडे माल उतरवून परत जाताना उरलेल्या विटा स्वस्तात देतात. काकू टेम्पो हातानं थांबवायच्या, ड्रायव्हरला "माझ्या भावा" म्हणायच्या आणि जमेल तेवढ्या विटा आपल्या जागेवर टाकून घ्यायच्या. हीच त्यांची बचत. ओव्हरटाइम चांगला झाला तर ढीग वाढायचा. आजारपण आलं तर नुसतं जाऊन बघून यायच्या.

उसन्या विटा मागायला मात्र लोक आलेच. शेजारणीनं चुलीला नेल्या, कुणी पाण्याच्या टाकीखाली लावल्या. एका वर्षी गणपतीत गल्लीतल्या पोरांनी स्टेजसाठी ढीगच उचलला. काकू भांडायला गेल्या आणि समोर बाप्पा बघून अडकल्या. मग विसर्जनापर्यंत रोज आरतीला पहिल्या रांगेत उभ्या. आम्हाला वाटलं, काय ही भक्ती! तर म्हणाल्या, "देवाच्या बुडाखाली माझ्या इटा हायत. मला ध्यान ठिवाया नको?"

अशी वर्षं गेली. माझे टक्के चाळिसाचे तीस झाले, तिसाचे पंचवीस, आणि शेवटी मी "परिस्थितीनुसार" या शास्त्रावर येऊन थांबले. लाइनवरच्या बायकांची भिशी होती. सगळ्या दरमहा सारखी रक्कम काढत आणि ती एकत्र करून पाळीपाळीनं एकीला देत. मी आधी त्यांना व्याज नसलेल्या गुंतवणुकीचे तोटे समजावले होते. मग एका महिन्यात नाक मुठीत धरून मीच त्या भिशीत शिरले. कुणी हसलं नाही. काकूंनी मात्र सरकून बाकावर जागा दिली, "या मॅडम, बसा आमच्या टक्क्यात."

एका उन्हाळ्यात काकूंच्या घरमालकानं सांगितलं की चाळ पाडून इमारत बांधायची आहे, महिना-दीड महिन्यात खोल्या रिकाम्या करा. काकू नव्या खोलीच्या शोधात निघाल्याच नाहीत. "आता जायचं ते घरात." मिस्त्री ठरवायला जाताना मला म्हणाल्या, "तुमी चला मॅडम. शिकलेलं मानूस संगं आसलं की मिस्त्री दबून ऱ्हातंय."

मी गेले. इस्त्रीचा ड्रेस घालून, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर उघडून.

मिस्त्री तिथलाच, जुन्या गावातला म्हातारा. त्यानं ढिगाभोवती एक फेरी मारली. कधी या भट्टीच्या, कधी त्या, कुठं जाड, कुठं पातळ, काही लाल, काही राखेच्या करड्या. एक वीट उचलली, दुसरीजवळ धरली.

"काकू, ह्याची भित्ताडं न्हाई व्हायची. गोधडी व्हईल."

"मग घाल की टाके," काकू म्हणाल्या.

म्हातारा हसला. तंबाखू मळत म्हणाला, "घालतो. पन सिमिट? वाळू? वरचा पत्रा? आन माजी मजुरी? त्याचं काय केलंय?"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी मोबाइलकडं पाहिलं.

वाचकहो, इतकी वर्षं मी या बाईला चक्रवाढ व्याज समजावत होते, आणि ती मला विटा. विटेवर नुसती वीट ठेवून घर होत नाही, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिचं सोडा, तिला बिचारीला टेम्पोवाल्यांपलीकडं सांगणारं कोण होतं? पण मी कॉस्टिंगचा पेपर देऊन आलेली! चांगले मार्क पडले होते त्यात.

काकू ढिगावर बसल्या. पदरानं तोंड पुसलं.

"मला वाटलं, इटा झाल्या की घर व्हतंय," त्या म्हणाल्या.

त्या महिन्याची भिशी माझी होती. त्या पैशांवर माझा डोळा होता. पुनावळ्याला एक सॅम्पल फ्लॅट पाहून आले होते. टोकन भरायचं होतं. तिथल्या गुळगुळीत भिंतीवरून मी हात फिरवला होता आणि डिग्री कुठं लागेल तेही ठरवलं होतं. आता त्या विटांच्या ढिगावर बसलेल्या काकू डोळ्यांपुढून हलेनात. दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. आई म्हणाली, "कंपनीत भांडलीस का गं?" तिसऱ्या दिवशी ठरवलं की नंबर सोडायचा. आणि ठरवताना, खोटं कशाला सांगू, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मी एक छोटं भाषणही तयार केलं. त्यात "सामाजिक बांधिलकी" हा शब्द होता.

चहाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये उभी राहिले. "मैत्रिणींनो, या महिन्याच्या भिशीबद्दल मला एक—"

"बसा मॅडम," लाइनची लीडर म्हणाली. "ठरलंय ते. ह्या महिन्याचा नंबर काकूंचा."

"अगं, पण माझा नंबर होता!"

"व्हय. तुमाला तेवढं सांगायचं ऱ्हायलं."

"आणि मी नाही म्हणाले असते तर?"

"तर पुढच्या महिन्याचापन त्यांनाच दिला असता," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या. काकू चहाच्या कपात तोंड खुपसून बसल्या होत्या. मान वर करेनात. भाषण डब्याबरोबर घरी परत आलं.

घर झालं. घर म्हणजे एक खोली, कोपऱ्यात न्हाणी, वर कुठल्याशा मोडलेल्या शेडचा पत्रा. रविवारी आम्ही सगळ्या विटा वाहायला गेलो. मी चार पाट्या उचलल्या आणि दोन दिवस टाइम ऑफिसात वाकून बसले.

वास्तूच्या दिवशी काकूंनी मला भिंतीपुढं उभं केलं. म्हाताऱ्या मिस्त्रीनं एका मापाच्या विटा वेचून एकेक थर लावला होता. "ह्या जाड लाल? दिवाळीच्या बोनसच्या. ह्या करड्या लॉकडाउन उठल्यावरच्या, तवा लाल भेटतच नव्हत्या. आन हे बगा, हिथं निम्म्या निम्म्या तुकड्यांची रांग हाय का, तवा लेकीचं बाळंतपन होतं." माणसं पासबुक दाखवतात तसं त्या भिंत दाखवत होत्या. हात लावून.

मग त्यांनी खिळा घेतला. सगळ्या पुढं सरकल्या. मी आणलेलं घड्याळ हातात घेऊन उभी. काकूंनी हातोडा मारला तसा खिळा सरळ आत गेला आणि वीट भसकन फुटून खाली आली. कच्ची भाजलेली निघाली.

"भट्टीवाल्या, मुडद्या!" काकू म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते नुसतं हसण्याचंच नव्हतं, हे तुम्हाला सांगायला नको. दुसरा खिळा जाड लाल विटेत गेला. बोनसच्या. तिथं घड्याळ लागलं.

"पुढच्या वर्षी गिलावा करू," मी म्हणाले.

"कामून? दिसाया पायजे."

पुढं उभ्यानं करायच्या कामानं त्यांचे गुडघे गेले. कॉन्ट्रॅक्टरनं त्यांचं नाव यादीतून काढलं. ते पत्रक मीच टाइप केलं, कारण ते माझं काम आहे. लेक येऊन त्यांना घेऊन गेली. खोली त्यांनी कोकणातल्या एका कुटुंबाला भाड्यानं दिली. कँटीनमध्ये त्यांच्या जागेवर आता एक नवी मुलगी बसते. तिनं परवा मोबाइलची किंमत सांगितली, आणि आम्ही सगळ्या क्षणभर कान देऊन थांबलो. कुणीच काही विचारलं नाही.

मध्यंतरी त्या बाजूनं बस गेली तर भिंतीला गिलावा झालेला. वर पिस्ता रंग. मला बोनस दिसेना, लॉकडाउन दिसेना. मी तणतणत नाक्यावर उतरले आणि काकूंना फोन लावला.

"काकू, गिलावा कसा करू दिलात?"

"त्यांच्या लेकराला ओल बाधत होती, माय. करू दे. इटा कुटं जात न्हाईत. माझ्या ध्येनात हायत." मग आवाज बदलून म्हणाल्या, "तुमचं सांगा. ह्या महिन्याला किती टाकले?"

मी आकडा सांगितला. चाळीस टक्के नव्हते, तिसाच्याही खालीच. पण वीस तारीख उलटून गेली होती आणि तो परत आला नव्हता.

"म्हंजे इटा किती?"

मी नाक्यावरच्या टेम्पोवाल्याला भाव विचारूनच फोन लावला होता. सांगितल्या. पलीकडं आता अंगठा पेरांवरून फिरत असणार.

"बास झालं की!" काकू म्हणाल्या. "एवढ्यात तुमची न्हानी हुती."

आम्ही अजून त्याच भाड्याच्या घरात आहोत. डिग्री कपाटावर टेकून उभी असते, पंख्याच्या वाऱ्यानं नमस्कार करते. वडील कधीतरी विचारतात, "फ्लॅटचं कुठवर आलं?"

मी सांगते, न्हाणी झाली.