खंडेनवमीचं तेल

सुकन्या देवकतेचा सारंगीत राज्यात पहिला नंबर आला आणि तिच्या घरात नारळांचा सुकाळ झाला. सत्कार म्हटला की शाल आणि नारळ आलाच. आठ महिन्यांत एकतीस सत्कार. शाली तिच्या आईनं, ताराबाईनं, पेटीत रचून ठेवल्या. पण नारळ काय रचून ठेवता येतात होय? भाजीत नारळ, आमटीत नारळ, चटणीत नारळ. बाप सटवा एकदा जेवता जेवता म्हणाला, "दुसरा नंबर आला आसता तर बरं झालं आसतं." घरातले हसले. सुकन्या हसली नाही, कारण तिला खरंच तसं वाटत होतं.

पोरगी सतरा वर्षांची. सिरसाळ्याजवळच्या वस्तीवरची, मेंढपाळाच्या घरातली. अशा घरात ढोल असतो, फार तर पावा असतो. सारंगी कुठून आली, हे प्रत्येक सत्कारात विचारतात आणि उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून इथं सांगून टाकतो. धोंडीराम गोसावी नावाचा म्हातारा सारंगीवर गाणी म्हणत गावोगाव फिरायचा. सारंगी घासायची ती काठी, म्हणजे गज. त्याला घोड्याच्या शेपटीचे केस लागतात. देवकत्यांकडं बिऱ्हाड वाहायला चांदी नावाची घोडी. म्हातारा दर साली पाऊस सरला की यायचा, चांदीच्या शेपटीचे मूठभर केस कापायचा, ताराबाईकडून पाणी तापवून घ्यायचा, रिठ्यात ते केस धुवायचा, सावलीत वाळवायचा, गजाला बांधायचा आणि केस तारेला धरावा म्हणून वर राळ घासायचा. या कामात चार-पाच दिवस मुक्काम. त्या चार-पाच दिवसांत सात वर्षांची सुकन्या त्याच्यासमोरून हलायची नाही. "घोडीच्या केसाचा आवाज घोगरा येतो," तो म्हणायचा, "पर आपल्याला चालतो." पुढं त्याची बोटं आखडली. एका साली येताना त्यानं सारंगी तिच्या मांडीवर ठेवली आणि जाताना नेली नाही. पुढच्या साली तो आलाच नाही, त्याच्या मरणाची बातमी आली.

सारंगीची तार बोटाच्या पेरानं दाबत नाहीत, नखाच्या मुळानं दाबतात. सुकन्याच्या डाव्या हाताच्या नखांशी घट्टे पडले होते. मेंढरामागं चालायचं, बारावीचा अभ्यास करायचा आणि उरल्या वेळात बांधावर बसून वाजवायचं. कुणी ऐकायला नसायचं तेव्हा ती तास-तास वाजवायची, आणि खरं सांगायचं तर तेच तिचं सगळ्यात चांगलं वाजवणं होतं.

मग तो नंबर आला आणि सगळं बिनसलं. केजला व्यायामशाळेचं उद्घाटन, सुकन्याला बोलवा. गेवराईत कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस, सुकन्याला बोलवा. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, मांडीवर सारंगी लेकरागत धरून जायचं, तीन-तीन तास मांडवात बसायचं, आणि पाळी आली की सूत्रसंचालक कानाशी येऊन सांगणार, "ताई, दोनच मिनिटं हं. साहेबांना निघायचंय." ती दोन मिनिटं वाजवायची. साहेब फोनवर बोलायचे. टाळ्या, शाल, नारळ, फोटो. नाही म्हणायची सोय नव्हती; नाही म्हटलं की लोक म्हणणार, पोरगी नंबर येताच शेफारली.

राज्याच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून पुण्याचे एक म्हातारे उस्ताद होते. त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ये. तासभर ऐकेन. जमलं तर शिकायला ठेवून घेईन. वर्षाला मी एकच विद्यार्थी घेतो." तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. आता दसरा तोंडावर आला. बांधावर बसून ती वाजवायला लागली की दोन मिनिटांनी हात आपोआप थांबायचा. टाळ्यांची वाट बघितल्यासारखा थांबायचा. पुढचं काही सुचायचंच नाही. एकतीस वेळा वाजवलेला तो तुकडा तेवढा हातात उरला होता, बाकीचं कुठं गेलं देव जाणे. तासभर काय वाजवणार, कपाळ?

खंडेनवमीला देवकत्यांच्या घरी हत्यारांची पूजा असते. कुऱ्हाड, विळा, मेंढरं कातरायची कातर, सगळं धुवायचं, गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू लावायचं. त्या दिवशी केजला बत्तिसावा सत्कार नुसता शाल-नारळाचा होता. सारंगी घरी ठेवून गेलेली सुकन्या दुपारी परत आली. पाटावर कातरीशेजारी सारंगी मांडलेली. झेंडूचं फूल खोवलेलं. आणि गजाचे केस वरपासून खालपर्यंत करडीच्या तेलानं चपचपीत.

"लेकीचं हत्यार हाय," ताराबाई कौतुकानं म्हणाली. "यंदा त्याची बी पूजा केली."

सुकन्यानं गज तारेवर टेकवून ओढला. केस तारेवरून नुसता घसरला. आवाज म्हणून नाही. पुन्हा ओढला. नाहीच.

"कावून वाजंना?" ताराबाईचा चेहरा उतरला.

"तेलानं गेला गज. आता वाजायचा न्हाई," सुकन्या म्हणाली. हे म्हणताना तिच्या अंगातून आठ महिन्यांचा शीण उतरल्यासारखा झाला. आता पुणं नाही, उस्ताद नाही, तास नाही. दोष तिचा नाही. तेल रिठ्यानं निघतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. धोंडीरामाच्या हाताखाली तिनं दरसाली केस धुतले होते. ती बोलली नाही. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपली आणि दिवे लागेपर्यंत ढाराढूर झोपली. ताराबाई त्या दिवशी जेवली नाही, हे तिला सटवानं सांगितलं. ऐकून तिनं पांघरूण डोक्यावर ओढलं. स्वतःची लाज वाटत होती, पण थकवा लाजेपेक्षा मोठा होता.

दसऱ्याच्या सकाळी ती उठली तर चुलीपुढं पातेल्यात रिठ्याचा फेस आणि ताराबाईच्या हातात गज. केस स्वच्छ पांढरे निघालेले.

"तो म्हातारा नवा केस रिठ्यात कावून धुवायचा, ते काल कळलं मला," ताराबाई वर न बघता म्हणाली. "केसाचा तेलकटपणा जावा म्हणून. मग माझं तेल जायचं न्हाई व्हय? आन माह्यासारख्या अडाणी बाईला जे उमगलं, ते तुला उमगलं न्हाई, आसं कसं हुईल?"

सुकन्या चुलीपुढं खाली बसली.

"मनलं, लेक थकली आसंल," ताराबाई म्हणाली. तिनं गज सावलीत खुंटीला टांगला. "जायचं नसंल तर नको जाऊस. मी सगळ्या गावाला सांगीन, आईनं तेल लावून नास केला. दोष माह्याच नावावर राहू दे. पर मला तरी खरं सांग."

तेव्हा सुकन्या रडली. आठ महिन्यांत पहिल्यांदा रडली. "आई, मला दोन मिनिटांच्या पुढं येतच न्हाई आता," ती म्हणाली. "समदं इसरले मी."

ताराबाईनं तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. "मग जाऊन त्या पुण्याच्या म्हाताऱ्याला हेच सांग," ती म्हणाली. "शिकायलाच जातीस ना? समदं येत आसतं तर तुला कशाला ठेवून घेतंय कुणी?"

एवढी साधी गोष्ट आपल्याला का सुचली नाही, याचं सुकन्याला नवल वाटलं. दुपारी तिनं वाळलेल्या केसांना राळ घासली. मायलेकी पुण्याच्या एसटीत बसल्या. मेंढरांपायी सटवा मागं राहिला. पोरीनं खिडकीला डोकं टेकवलं आणि सारंगी मांडीवर धरून डोळे मिटले. बीड यायच्या आत ताराबाईच्या फोनवर गेवराईहून पुढाऱ्याच्या माणसाचा फोन आला. आज संध्याकाळी दसरा मेळावा आहे, ताईंनी दोनच मिनिटं वाजवायचं आहे, शाल आणून ठेवली आहे.

"गज खराब झाला तिचा," ताराबाई म्हणाली. "म्या खंडेनवमीला तेल लावलं, माझीच चूक हाय. आता लई दिवस वाजायचा न्हाई."

पलीकडचा माणूस हळहळला. "कधी नीट होईल?" त्यानं विचारलं.

ताराबाईनं शेजारी झोपलेल्या लेकीकडं बघितलं. "ती सांगंल तवा," ती म्हणाली आणि फोन बंद करून कनवटीला खोचला.