मानेतला दाणा

गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून दूध देण्यात पिराजीआबांची हयात गेली. जनावर लंगडलं, सुजलं की चुलीत विळा लाल करायचा आणि डाग द्यायचा, एवढं एकच औषध त्यांना येत होतं. त्याचा त्यांना भारी ताठा. किती म्हशी तरल्या ते सांगायचे. किती मेल्या ते आम्ही गल्लीतल्यांनीही कधी विचारलं नाही.

त्यांची लेक अनुजा नोकरीसाठी जर्मनीला गेली. तिचा कुत्रा बंड्या मागाहून जायचा होता. तिकडचे नियम कडक. आधी मानेच्या कातड्याखाली ओळख-नंबराची तांदळाएवढी चिप, मग रेबीजची लस, महिन्याने रक्ताची तपासणी आणि त्यानंतर तीन महिने थांबायचं. रक्ताच्या तपासणीपर्यंतचं सगळं तिनं जायच्या आधी उरकलं, पण ते तीन महिने कुत्रा सांभाळायला आबांशिवाय कुणी नव्हतं. लहानपणी तिचं लाडकं रेडकू आबांच्या डागणीनं मेलं, तेव्हापासून अनुजा बापाशी कामापुरतंच बोलायची. बंड्याला धडधाकट परत दिलं तर लेक पुन्हा नीट बोलेल, ही एकच आशा आबांनी धरली होती.

जाताना तिनं खाणंपिणं सगळं कागदावर लिहून दिलं. चिपचं तेवढं सांगितलं नाही. आबांना काय कळणार त्यातलं! फार शिकलेली पोरगी.

दुसऱ्या महिन्यात बंड्याची मान खाजवताना आबांच्या बोटाला गाठ लागली. त्यांनी बंड्याचं तोंड सुतळीनं बांधलं आणि विळा तापवला. ते ओरडणं आम्ही घराघरांतून ऐकलं, कुणीही गेलं नाही.

अनुजा न्यायला आली तेव्हा आबा दारातच कौतुकानं सांगू लागले, की मानेत गाठ झालती, डाग दिला, चार दिवसांत फुटली, पुवातनं काचेचा दाणा निघाला, तो उकिरड्यावर टाकला. अनुजा बंड्याला घेऊन तशीच जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी यंत्र फिरवलं, ते वाजलंच नाही. चिप नाही म्हणजे लस कुणाला दिली आणि रक्त कुणाचं, कशालाच पुरावा नाही. सगळं पहिल्यापासून करायचं, पुन्हा न्यायला यायचं. तेवढी रजा तिला मिळणार नव्हती.

आबांनी दोन दिवस उकिरडा उपसला. सत्तरीचा माणूस घमेल्यातलं शेण बोटांनी चाळत बसला होता. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी दाणा सापडला. तो धुऊन, तळहातावर घेऊन ते लेकीपुढे उभे राहिले.

"घावला बघ. आता घिऊन जा की त्येला."

अनुजानं हात पुढे केला नाही. "आबा, रेडकू मेलं तवाबी तुमी असंच हसत आलतासा."

ती एकटीच गेली. आबा चूल पेटवायला वाकले, की बंड्या जागेवरच मुततो आणि फाटकाबाहेर पळतो. मग भाकरी घेऊन आबा रस्त्यावर हाका मारत उभे राहतात.