‘आमच्या वार्ताहराकडून’

दुपार. झोप म्हणावी तर नाही. पंख्याचा आवाज लांब जातो आहे आणि मी लेखाचं पहिलं वाक्य शोधते आहे.

रविवार पुरवणीतलं माझं सदर आज शेवटचं; पुरवणीच बंद होतेय. आवर्जून वाचावेत असे पत्रकार, खऱ्याखुऱ्या माणसांवर लिहिणारे लेखक मी इतकी वर्षं सुचवत आले. शेवटचं नाव कुमुदताईंचं द्यायचं आहे. संध्याकाळपर्यंत.

वाचा:

पुढे काही नाही.

कुमुदताई हेर्लेकर समोर बसल्यात. गेल्या दिवाळीत गेल्या त्या. शेंगा सोलतायत, टरफलं माझ्या कागदांवर.

“माझं काय वाचायला सांगतेस? माझं आहे काय?”

मी म्हणते, धरणानं उठवलेल्या गावांवरच्या बातम्या. त्या हसतात. “आमच्या जिल्हापत्रात बातमीला नाव नसायचं. वर ‘आमच्या वार्ताहराकडून’ टाकलं की झालं. वार्ताहर आम्ही बरेच, नाव सगळ्यांचं तेच.” जुने अंक मी चाळलेत. त्यांची बातमी कुठली, ते कळत नाही.

“एक तरी ओळखून द्या, ताई.”

टेबल ओलं आहे. टेबल नाही. आम्ही धरणाच्या तळात उभ्या आहोत. पाणी उतरलंय, घरांचे चौथरे उघडे पडलेत. ताई एका चौथऱ्यावर बसतात, चष्मा कपाळावर चढवतात, अंक डोळ्यांशी धरतात.

“ही चांगली आहे. बाईनं जाताना चूल उपटून डोक्यावर घेतली म्हणे. बघितल्याशिवाय नाही लिहिता येत असं.”

“तुमची?”

“आठवत नाही गं. चौगुलेची असेल. तोही बरं लिहायचा, चहा मात्र कधी पाजला नाही.”

चौगुले त्यांच्याही आधी गेले. विचारायला कुणी उरलेलं नाही.

मी विचारते, मग वाचकांना सांगू काय? त्या म्हणतात, बघितलेलं आणि ऐकलेलं जो वेगळं ठेवतो, त्याला वाचा म्हणावं.

“नाव लागतं, ताई. दुकानात जाऊन मागणार काय?”

“मग ज्याचं मिळतं त्याचं नाव घाल.”

रागानं नाही म्हणत. तेच जास्त लागतं.

पाणी चढायला लागतं. घोटे. पोटऱ्या. मी म्हणते, चला वर. त्या पुढचा अंक मागतात. मी देते. एकेक बातमी वाचून त्या मान हलवतात: ही असेल, नसेलही. पाणी चौथऱ्यावर येतं आणि त्यांनी पान उलटलेलं असतं.

पंखा.

मी उठून बसते आणि ज्याचं पुस्तक दुकानात मिळतं अशा एका लेखकाचं नाव टाइप करते. चांगला आहे तोही. वाचा. लेख पाठवून देते.

मग न्हाणीत जाऊन सलवार पिळते. गुडघ्यापर्यंत भिजली आहे. पाणी गढूळ.