वाढीचा निरोप

घाटंजीजवळच्या एका गावात तुळसाबाई बावीस वर्षांपासून शाळेत खिचडी शिजवतात. दीडशे पोरांचा तांदूळ नुसत्या डोळ्यांनी मापणारी बाई. पण मागच्या वर्षी त्यांना पातेलं उचलेनासं झालं. चार घास खाल्ले की पोट भरायचं आणि डाव्या बरगडीखाली काहीतरी घट्ट लागायचं. रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी दहा-अकरा हजारांच्या आत हव्यात, त्या पावणेदोन लाख निघाल्या. मुलगी मैत्रेयी त्यांना नागपूरला घेऊन गेली.

"हा रक्ताचा कर्करोग आहे, पण याला गोळी आहे," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाढायचा निरोप मिळाला की पेशी वाढते, निरोप थांबला की थांबते. तुमच्या पेशींतलं एक प्रथिन बिघडलंय, ते सारखं 'वाढ, वाढ' म्हणतंय. गोळी त्यालाच अडवते."

तुळसाबाईंनी मान हलवली. एस्टीत बसल्यावर मात्र मैत्रेयीला विचारलं, "हा निरोप धाडते कोण व?"

"कोणीच नाही आई. पेशीच्या आतच असते ते."

"म्हणजे आपलीच पेशी आपल्याले मारते? काहून? म्या तिचं काय बिघडवलं?"

मैत्रेयी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. 'पेशी बेसुमार का वाढते' या प्रश्नाला परीक्षेत तिला दहापैकी नऊ मार्क पडले होते. तिनं रिपोर्टचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

रोज जेवण झालं की एक गोळी. तीन महिन्यांत बरगडीखालचं घट्टपण गेलं, भूक लागू लागली. पण पापण्या सुजायच्या, पोटऱ्यांत गोळे यायचे. आजाराने कधी इतकं छळलं नव्हतं, मग औषधच कसं छळते? तुळसाबाईंना काही उमगेना. सहाव्या महिन्यात त्यांनी कोणाला न सांगता गोळी बंद केली. सूज उतरली. पातेलंही एकटीनं उचललं.

दोन महिन्यांनी तपासणीत पेशी नव्वद हजार निघाल्या.

"आई, गोळ्या घेऊन राह्यली होतीस ना?"

तुळसाबाई कागदाकडे बघत राहिल्या. "मले तं चांगलं वाटून राह्यलं होतं. मंग हे रक्त कोणाचं आहे?"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. बरं वाटणं वेगळं आणि आतला निरोप थांबणं वेगळं, एवढंच म्हणाल्या. गोळी पुन्हा सुरू झाली. आता ती मैत्रेयीच्या समोरच गिळायची, असं ठरलं.

गेल्या महिन्यात पेशी साडेसात हजारांवर आल्या.

"मंग तो निरोप बंद झाला का?" तुळसाबाईंनी विचारलं.

"गोळी सुरू आहे तोवर."

"अन् मलेच काहून झालं हे?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ते आम्हालाही माहीत नाही, बाई."

एवढी शिकलेली बाई माहीत नाही म्हणते, याचं तुळसाबाईंना नवल वाटलं. धीर धरावा की घाबरावं, ठरेना. बाहेर मैत्रेयी रिपोर्ट वाचून हसत होती. तिच्याकडे बघून त्याही थोडं हसल्या.