न लागलेली शाई

गंगापूर रोडला झेंडू विकणाऱ्या भागुबाईला इंग्लंडच्या विरोधी पक्षाची काळजी लागावी, हे ऐकून कुणालाही हसू येईल. हसा बापडे! तिची सहा वर्षांची नात, वेदिका, त्या पक्षाच्या भरवशावर बसली होती.

वेदिकाची आई शुभांगी तिकडे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करते. नवऱ्यानं टाकल्यावर पोरीला आपल्या आईच्या, भागुबाईच्या पदरात घालून गेली. वर्षभरात नेते म्हणाली होती. पण अशा कामाच्या बायकांना पोरं सोबत आणायला तिथल्या सरकारनं मनाई केली. विरोधी पक्ष म्हणाला, आम्ही आलो की मनाई उठवू. झालं! भागुबाईनं त्या पक्षाला 'आपला' म्हणून टाकलं.

आणि निवडणूक तिला कुणी शिकवावी? उभी हयात तिनं हरणाऱ्या पक्षाचंच काम केलं. मतदानाच्या दुपारी यादी घेऊन दारोदार फिरायची, न्हाणीत शिरलेल्या बाईलासुद्धा बाहेर काढून केंद्रावर न्यायची. थोडक्यात पडले की पुढारी म्हणायचे, "पुढच्या वेळी आपलंच." भागुबाई मनात म्हणायची, मेल्यांनो, आपलीच माणसं घरात लोळत राहिली, तिथं हरलो.

भारतातून गेलेल्यांनाही, तिथले नागरिक नसले तरी, तिकडे मत देता येतं, हे कळल्यावर तर तिनं फोन करकरून लेकीचं डोकं उठवलं. "जाते गं आई, जाते," शुभांगी म्हणायची. मतदानाच्या दिवशी वेदिकानं स्वतःच्या बोटावर पेनानं रेघ ओढून घेतली. आजीनं कौतुकानं ती राहू दिली.

पक्ष चार जागांनी हरला. शुभांगीच्या गावची जागा तर एकोणीस मतांनी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. "इथं सगळे म्हणतात, पुढच्या वेळी आपलंच सरकार. पाच वर्षं काय, बघता बघता जातील."

भागुबाईचं डोकं सणकलं. "बोट दाखव."

"आई, इथं शाई लावत नाहीत."

"बनवू नको मला! शाई नाय तर मतदान कसलं?"

"खरंच नाही गं. वेदिकाची शपथ."

"बरं. मग मत टाकायला कुठं गेली व्हतीस, ते सांग."

शुभांगी हळूच म्हणाली, "डबल ड्यूटी होती. आणि माझ्या एकटीच्या मतानं काय होणार होतं?"

"तुझ्यासारख्या वीसजणी," भागुबाई म्हणाली. "वीसच लागत व्हत्या गं, भवाने!" पोटच्या पोरीचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

वेदिका फोनसाठी हात ओढत होती. भागुबाईनं फोन कापला. "मम्मी ड्यूटीवर गेली," म्हणाली आणि तिला मोरीवर नेऊन बोटावरची रेघ साबणानं घासायला लागली.

"आजी, गेली की गं रेघ," वेदिका रडकुंडीला आली. "दुखतंय ना!"

भागुबाई घासतच होती.