बटण तिथेच आहे

चष्मा कपाळावर चढवून ताई आपल्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, की समजावं: आपण काहीतरी नवीन बनवलंय आणि त्याची गरज नव्हती.

"आहे ना आपल्याकडे? मग नवीन काहून करून राहिला?"

ताई नागपूरची. खराडीतल्या आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारायचे, हिला मात्र ताई. आम्ही दवाखान्यांसाठी मोबाइलवरची अ‍ॅप बनवत होतो. बटणं, रंग, अक्षरं, तारखेचे रकाने, सगळं ताईनं एकदाच घासूनपुसून एका सामायिक संचात ठेवलं होतं. अ‍ॅप कुठलंही असो, घ्यायचं त्यातूनच. ऑफिसात त्याला डिझाइन सिस्टिम म्हणत. मी 'ताईचा मिसळणाचा डबा' म्हणायचो. अर्थात तिच्या पाठीमागे.

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. नसलं की अडतं, असलं की दिसत नाही. 'वेळ घ्या' हे हिरवं बटण ती आठवडाभर खालीवर सरकवत होती. मध्येच नागपूरला फोन लावायची. "जय भीम, आई. आता अ‍ॅप उघड बरं. बटण सापडलं?"

मी म्हणालो, "ताई, एवढ्याशा फरकानं कुणाला काय कळणार आहे?"

"कळायला नकोच. बोट आपसूक तिथं गेलं पाहिजे."

मग नवे साहेब आले. "या बाई करतात काय? एकही स्क्रीन त्यांच्या नावावर नाही." संच बंद करायचा आणि ताईलाही निरोप द्यायचा, हे साहेबांनी त्यासाठी बोलावलेल्या मीटिंगआधीच ऑफिसभर झालं होतं.

नेमक्या मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी मी औषधांच्या अ‍ॅपसाठी दिवाळीची स्क्रीन रंगवत होतो. बटण झेंडूच्या रंगाचं केलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. ताईनं विश्वासानं संचाची किल्ली मला दिली होती. मी माझं बटण समजून संचातलंच रंगवलं होतं.

मीटिंगमध्ये ताईनं दवाखान्याचं अ‍ॅप उघडलं. झेंडू. रक्ततपासणीचं उघडलं. झेंडू. औषधांचं तर झेंडू होतंच.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं. मी एसीचं बारकाईनं निरीक्षण करू लागलो.

ताईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चष्मा वर चढवला. "सर, यानं काल एका जागी रंग बदलवला. तिन्ही अ‍ॅप बदलली. हेच माझं काम." चहा येईपर्यंत तिनं सगळं परत हिरवं केलंसुद्धा.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "आणि चौथं अ‍ॅप काढलं तर?"

"बटणं तयार आहेत."

संच राहिला, ताईही राहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "पहिल्यांदा कामाचं काही केलंस. आता माझ्या डब्याला हात लावू नको."

म्हणजे ते नाव तिला ठाऊक होतं.

पुढे आई थकली तेव्हा ताई नागपूरला निघून गेली. तोवर आमची अ‍ॅप बोटांवर मोजण्यापलीकडे गेली होती.

परवा सदाशिव पेठेत डॉक्टरांकडे बसलो होतो. शेजारच्या आजोबांना काउंटरवरची मुलगी म्हणाली, "एक्स-रेची वेळ मोबाइलवरून घ्यायची, आजोबा. अ‍ॅप वेगळं आहे." आमचंच होतं. मी अभिमानानं पुढे सरकलो. "दाखवू का?"

"कशाला? दवाखान्याचं बटण जिथे असतं, तिथेच आहे की," ते म्हणाले, अंगठा टेकवला आणि उठले.

ते तिथे कुणी ठेवलं, हे त्यांना सांगावं म्हणून मी दारापर्यंत गेलो. आजोबा निम्मा जिना उतरले होते.

"अहो," ते मागे न बघता म्हणाले, "आलाच आहात, तर दार लावून घ्या."

मी दार लावून घेतलं.