कॉन्चेर्टोच्या रेकॉर्डिंगमधली ‘वा!’

मुलीला पुण्याच्या एका संगीत महाविद्यालयात प्रवेश हवा होता. त्यासाठी पियानो कॉन्चेर्टोचा एक भाग वाजवून रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. मध्ये कुठेही कापाकापी चालणार नव्हती. जळगावात आमच्याकडे नुसता कीबोर्ड. खरा पियानो धुळ्याला, तिच्या सरांच्या घरी. म्हणून रविवारी आम्ही मोठ्या दिरांच्या गाडीने धुळ्याला गेलो. दीर सावद्याचे, केळीवाले, गावच्या भजनी मंडळात तबला वाजवतात. पुतणीला ऐकायचंच म्हणून तेही खोलीत बसले.

कॉन्चेर्टोत पियानोच्या साथीला अख्खा ऑर्केस्ट्रा लागतो. तो धुळ्यात कुठून आणणार? ते काम सर शेजारच्या कीबोर्डवर भागवत होते. पहिलं रेकॉर्डिंग बिनचूक झालं, पण घोकून म्हटल्यासारखं. दुसऱ्या वेळी मुलगी रंगली. एका जागी सर थांबतात, ती बराच वेळ एकटीच वाजवते आणि मग दोघं एकदम एकत्र येतात. दोघं तशी एकत्र आली, आणि दिरांनी मांडीवर थाप मारून खणखणीत ‘वा!’ दिली. भजनात समेवर देतात तशी.

तिसऱ्यांदा वाजवायला तिचं मनगट तयार नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती.

सर म्हणाले, पहिलंच पाठवा, दुसऱ्यातली ‘वा!’ ऐकून परीक्षक हसतील. दीर म्हणाले, पहिल्यात जीव नाही. माझ्या नवऱ्याने दोन्ही ऐकली आणि दोन्ही सारखीच वाटतात असं सांगून दोघांनाही दुखावलं. चहा दोनदा झाला.

"दाद द्यायची नाही तर समेवर यायचं कशाला, सर?"

"भाऊ, या संगीतात सम नसते."

"मग मला कशी सापडली?"

सर उठून आत गेले. हाच विषय पुढे गाडीत नवरा आणि दीर यांच्यात पारोळ्याच्याही पुढे चालला. मुलगी खिडकीशी फोन घेऊन बसली होती. माझं डोकं उठलं होतं.

घरात शिरताच मी तिला विचारलं, कोणतं चांगलं वाजलं?

"दुसरं."

"मग तेच पाठव आणि मोकळी हो."

"पहिलं पाठवलं, आई. गाडीतूनच."

"का?"

"तुमचं संपेचना."

माझी नुसती चिडचिड झाली. बाहेर दीर गाडी लावत होते, आणि हे त्यांना सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडणार होतं.